इलॅस्टिकची पँट घातली की पोरगं पांगळं होतं म्हणे!

नाळे कॉलनीतली आई

परवा इथंच एका दादांनी लिहिलं होतं. सार असं: शाळेत जाणाऱ्या पोराला इलॅस्टिकची पँट, चिकटपट्टीचे बूट आणि तयार गाठीचा टाय दिला की पोरगं पांगळं होतं. पूर्वी पहिल्या दिवसापासून हूक, पट्टा आणि बुटाची नाडी होती, म्हणून ती पिढी घडली. खाली शाबासक्यांची रांग. माझं उत्तर लांबलं म्हणून वेगळा धागा.

दादा, तुम्ही घडलात, आनंद आहे. माझा मुलगा यंदा छोट्या गटात जाणार. वय साडेतीन. शाळेच्या यादीतली पँट अशी: आत हूक, वर बटण, खाली चेन आणि सगळ्यावर पट्टा. लघवीला लागल्यावर त्यानं ही चार कुलुपं उघडायची, तीही वेळेत. मदतीला मावशी एक आणि रांगेत अख्खा वर्ग. मोठीच्या वेळी हे बघून झालंय. तिच्या वर्गातल्या एका मुलाचा पट्टा सुटेना, तो शाळा सुटेपर्यंत ओल्या पँटीत बसला. पुढं बरेच दिवस त्याची पाण्याची बाटली भरलेलीच घरी यायची. लघवी लागू नये म्हणून पोरगं पाणीच पीत नव्हतं! यात घडण कुठली झाली, ते मला समजावा.

दुसरं, कापड. शाळा उघडते जूनच्या मध्यात. त्यानंतर कोल्हापुरात ऊन बघायला मिळतं ते गणपतीच्या आसपास. आमच्या गॅलरीत जुलैत जाड सुती पँट दोन दिवस सुकत नाही. वरून कोरडी लागते, शिवणीत ओलीच राहते आणि कुबट वास मारते. म्हणून मी लवकर वाळणारं टेरीकॉटच घेणार. शर्टाला मोठी बटणं, पँटीला इलॅस्टिक, बुटाला चिकटपट्टी. आणि शनिवारी पांढरा गणवेश ही कल्पना ज्या कुणाची असेल, त्याला एकदा जुलैत पांढरी पँट घालून आमच्या गल्लीतून चालवा.

पाचगावकर

पोस्ट माझीच. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं ताई. पण मी लिहिलं होतं पहिलीबद्दल, म्हणजे सहा पूर्ण झालेल्या पोराबद्दल. तुम्ही साडेतीन वर्षांचं बाळ आणून उभं केलंत. त्याला कोण हूक लावा म्हणतंय?

माझा मुद्दा असा की सोय सुरू होते, ती थांबतच नाही. माझा भाचा सहावीत आहे. गेल्या पावसाळ्यात पन्हाळ्याला नेला होता. तीन दरवाजाजवळ त्याच्या बुटाची नाडी सुटली. तर पठ्ठ्या पाय पुढं करून उभा! मामानं चिखलात गुडघा टेकून बांधायची. का, तर छोट्या गटापासून चिकटपट्टी. बहिणीला विचारलं, तर म्हणाली "सकाळी कुठं वेळ असतो?" सगळं इथंच येऊन थांबतं. आईबापाला वेळ नाही, म्हणून पोराला येत नाही.

पहिलीच्या बाई (निवृत्त)

पाचगावकर, मी नोकरीभर पहिली-दुसरीच सांभाळली. सहा-सात वर्षांपर्यंत बऱ्याच मुलांची बोटं गाठीला ऐकत नाहीत. तोवर नाडी मुलाच्या पायात असते आणि बांधते बाई. परिपाठाला उभं राहायचं तर आधी दहा-बारा पोरांच्या नाड्या. तुमचा भाचा एकदाच पाय पुढं करून उभा राहिला, माझ्यासमोर रोज रांग असायची. नाडी शिकवायची तर रविवारी घरी, जुन्या बुटावर. शाळेच्या घाईत नव्हे.

शर्टाच्या बटणांचं मात्र मी तुमच्या बाजूनं बोलेन. चार-पाच वर्षांचं मूल मोठं बटण लावू शकतं. काज सैल हवं, एवढंच. सगळीकडं टिचबटण नको.

पण तुम्ही सगळे निवडीच्या गप्पा मारताय म्हणून हसू येतं. आमच्या सरकारी शाळेतल्या पोरांना निवड कधी होती? २०२४ ला सरकारची 'एक राज्य एक गणवेश' योजना आली. शाळेनं गावातून कापड घेऊन शिवायचं बंद, सगळं वरून येणार. राज्यात कितीतरी शाळांत पंधरा ऑगस्ट आला तरी गणवेश आला नव्हता. जे आले ते एकाला पोत्यासारखे, दुसऱ्याच्या अंगात शिरेनात.

सुईदोरा (राजारामपुरी)

बाई, मापच कुणी घेतलं नाही तर दुसरं काय होणार? इयत्ता बघून माप ठरवायचं म्हणजे पहिलीतली सगळी पोरं एकाच साच्यातली समजायची. माझ्याकडं एकाच वर्गातली दोन पोरं येतात, एकाची कंबर २० आणि दुसऱ्याची २५.

आणि दर बघा की. एका गणवेशामागं सरकारचे ३०० रुपये, वर्षाला दोन म्हणजे ६००. त्या वर्षी स्काउट गाइडच्या गणवेशाचं नुसतं कापड दिलं आणि शिलाईला १०० अधिक वरखर्चाला १०. ११० रुपयांत शर्ट आणि पँट! आमच्यात पँटीची चेन बदलायला आलं तरी मी नीट सांगून पैसे घेतो. एका शाळेचे मुख्याध्यापक आले होते, म्हटलं सर, चहा घ्या, बाकी जमणार नाही.

बचत गटवाली (करवीर)

सुईदोरा दादा, तुम्ही चहा पाजून मोकळे झालात. बाई म्हणाल्या ते वरून आलेले गणवेश शिवले कुणी? आमच्यासारख्या बायकांनी. आमच्याकडं कापड कापूनच आलं होतं. कापलेलं चुकलंय हे दिसत होतं, पण आम्ही काय, त्याला पाणी घालून वाढवायचं? आणि शिव्या कुणाला, तर "बचत गटाच्या बायकांना शिवता येत नाही". बाई, तुम्हीही तेच सुचवलंत.

पहिलीच्या बाई (निवृत्त)

मी कुठं तुमचं नाव घेतलं? मी गणवेशाबद्दल बोलले.

बचत गटवाली (करवीर)

पोत्यासारखे म्हणालात. पोती काय आपोआप शिवली गेली? मध्यरात्रीपर्यंत मशीन मारलंय. दिवसा शेतात भांगलण, रात्री काजं-बटणं. आणि डिसेंबरात सरकारनं निर्णय फिरवला, काम परत शाळा व्यवस्थापन समितीकडं. म्हणजे हात बसला तेव्हा काम गेलं. तुम्हाला शाळेचं दुःख, आमच्या मशीनचा हप्ता कुणी बघितला?

गुजरीतला

समितीकडं परत गेलं ते चांगलंच झालं. गावातल्या शिंप्याला काम, पोराचं माप समोर, बिघडलं तर धरायला माणूस.

बचत गटवाली (करवीर)

गावातल्या शिंप्याला! बघा, शेवटी शिंपीच आठवला. समितीनं आम्हाला काम द्यायला कुणी अडवलंय काय?

सुईदोरा (राजारामपुरी)

वहिनी, भांडण तुमचं माझ्याशी नाही. ११० रुपयांत तुम्हाला राबवलं त्यांच्याशी आहे. मी 'नाही' म्हणू शकलो, तुम्हाला तसं म्हणता आलं नाही. फरक तेवढाच.

इचलकरंजीकर

एवढा वेळ गप्प होतो. टेरीकॉट टेरीकॉट काय लावलंय? गणवेशात सर्रास येतं ते ६७-३३. म्हणजे तीन भागांत दोन भाग पॉलिस्टर, सरळ भाषेत प्लास्टिक. मार्च-एप्रिलमध्ये हे घालून पोरगं पत्र्याच्या वर्गात बसवा आणि संध्याकाळी पाठ बघा, घामोळ्यानं भरलेली असते. ठिणगी पडली तर सूत जळतं, हे वितळून कातडीला चिकटतं. शेजारी इचलकरंजीत माग बंद पडायला लागलेत, मालक भंगाराच्या भावानं माग विकतोय, आणि कोल्हापूरकर जवळच्या गांधीनगरच्या कापडबाजारात जाऊन बाहेरून आलेलं चकचकीत कापड उचलतात. वर म्हणायचं, आमचा जिल्हा कापडाचा!

नाळे कॉलनीतली आई

दादा, मागाचं वाईट वाटतं, खरंच. पण तुमचा माग चालावा म्हणून मी माझ्या पोराला ओली पँट घालू का?

इचलकरंजीकर

दोन जोड जास्त घ्या. किंवा पंख्याखाली वाळवा. आमच्या आईनं असंच केलं.

नाळे कॉलनीतली आई

आली, आई आली! याच वाक्याची वाट बघत होते. पाचगावकर, इचलकरंजीकर, खरं सांगा, घरात पोराचा गणवेश कोण धुतं? शनिवारच्या पांढऱ्या शर्टाची कॉलर कोण घासतं, नीळ कोण घालतं, रात्री अकराला ओल्या पँटीवर इस्त्री कोण फिरवतं? ज्यानं धुतलं नाही त्यानं सूत की टेरीकॉट यावर मत देऊ नये, असा नियमच करा इथं.

पाचगावकर

हे वैयक्तिक होतंय. मी माझे कपडे स्वतः धुतो.

नाळे कॉलनीतली आई

तुमचे. मी पोराचे विचारले.

रंकाळा टॉवर

विषय हार्ड 😄 पाचगावकर, उत्तर द्या की ओ.

पाचगावकर

मशीन लावतो. कॉलर बायको घासते. झालं समाधान?

गुजरीतला

शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा पोरगं शाळेत न घालणाऱ्या आईबापाला महिन्याला १ रुपया दंड होता. आता उलटं झालंय. माझ्या पुतणीला एका खाजगी शाळेत बूट काळे असले तरी "आपल्या पद्धतीचे" नाहीत म्हणून वर्गाबाहेर उभं केलं. पद्धतीचे म्हणजे शाळेनं सांगितलेल्या दुकानातले. चिकटपट्टी की नाडी हे आईबाप ठरवतात कुठं? दुकानदार ठरवतो.

पहिलीच्या बाई (निवृत्त)

हे मात्र खरं. पण पालकसभेत यावर बोलायला किती जण उठतात? सगळे बाहेर येऊन रिक्षापाशी बोलतात.

पाचगावकर

बरं. मूळ मुद्द्यावर या. छोट्या आणि मोठ्या गटाला इलॅस्टिक, मान्य. ताईंचा विजय असो, हार पाठवतो. पण पहिलीच्या दिवाळीनंतर बटणाची पँट आणि दुसरीत नाडीचे बूट, एवढं तरी ठेवा. नाहीतर पोरगं कॉलेजला चिकटपट्टी लावून जाईल.

नाळे कॉलनीतली आई

हार नको, तुमच्या भाच्याला नाडी शिकवा. दुसरीचं बघू, तेव्हा त्याचा हात किती बसलाय त्यावर. मुलींचंही कुणी बोललं नाही इथं. ट्यूनिकची चेन पाठीवर असते, ती मुलीनं स्वतः कशी उघडायची? मोठीला मी डिव्हायडर स्कर्ट, म्हणजे स्कर्टसारखी दिसणारी ढगळ चड्डी, मागितला, तर शाळा म्हणाली यादीत नाही.

सुईदोरा (राजारामपुरी)

ट्यूनिकची चेन बाजूला घेता येते, बाहेरून कळतसुद्धा नाही. पँटीचंही तसंच. पुढून सपाट पट्टी आणि दिखाऊ बटण, इलॅस्टिक फक्त मागं. बाईंनी पुढून बघितलं तर यादीतलीच पँट. इलॅस्टिक रुंद घ्या आणि आतून काजं पाडून बटणावर अडकवा, म्हणजे पोटाप्रमाणं कमीजास्त होतं. बारीक इलॅस्टिक गरम इस्त्रीनं दिवाळीपर्यंत मरतं. खाली तीन बोटं मुडप सोडतो, उंची वाढली की उसवून सोडायचा. मुडपातला रंग गडद राहतो, रेघ दिसते, तेवढं चालवून घ्या. आणि सुती घेणार असाल तर कापड आधी पाण्यातून काढून आणा. नाहीतर पहिल्या धुण्यात आटलं की माझ्या नावानं ओरडायचं.

इचलकरंजीकर

म्हणजे सुती शिवता तर तुम्ही.

सुईदोरा (राजारामपुरी)

गिऱ्हाईक आणेल ते शिवतो. शर्ट सुती, पँट टेरीकॉट, असं सांगतो मी सगळ्यांना. अंगाला सूत आणि चिखलाला टेरीकॉट.

इचलकरंजीकर

निम्मं तरी पटलं म्हणायचं.

बचत गटवाली (करवीर)

मागून इलॅस्टिकची पँट आम्हीपण शिवतो. समितीवाले कुणी वाचत असतील तर कापड अखंड द्या, कापलेलं नको. आणि ११० मध्ये नाही.

नाळे कॉलनीतली आई

सुईदोरा दादा, दोन पँटी टाकायच्या आहेत. मोठीची जुनी पँट माप म्हणून आणली तर चालेल का?

सुईदोरा (राजारामपुरी)

नाही. पोरगं घेऊन या, जेवण झाल्यावर. उपाशीपोटी माप दिलेली पँट दुपारी टोचते. आणि मेच्या आत या, जूनमध्ये मला श्वास घ्यायला वेळ नसतो.