मदत हवी आहे: जुन्या लाकडी जमिनीवरचा काळा डाग मशीन न लावता निघेल का?

नमस्कार मंडळी,

आजीच्या खोलीतलं जाजम परवा कायमचं काढलं. खालच्या सागाच्या फळ्या अजून इतक्या सुरेख आहेत की बघत बसावं. पण खिडकीपाशी, जिथे वर्षानुवर्षं लोखंडी स्टँडवर कुंडी होती, तिथे ताटाएवढा काळा डाग निघाला. शिवाय दोन फळ्यांवर पांढुरकी वर्तुळं आहेत, गरम भांडं ठेवल्यावर उठतात तशी.

वर्तुळांची फारशी काळजी नाही. कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा फिरवला तर पॉलिश चिकट होऊन बोळा पिवळा झाला. म्हणजे लाखेचं पॉलिश असणार आणि ही वर्तुळं त्यातच असावीत.

काळा डाग मात्र आत मुरलाय. वीतभर जागा पॉलिश पेपरने घासून पाहिली, तसूभर फरक नाही. खिळ्यांभोवती तो शाईसारखा निळसर काळा आहे आणि रेषारेषांतून पुढे सरकलाय. पाणी, लोखंड आणि लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) यांचं हे काम दिसतंय. त्यावर ऑक्सॅलिक ॲसिड चालतं म्हणे.

सुतारकाका म्हणतात, मशीन लावून सगळी जमीन घासून घेऊ. माझं मन होत नाही. उंबऱ्यापाशी एका फळीची कड उघडी आहे. तिथे शेजारच्या फळीची जीभ (पुढे आलेली कड) जिच्यात बसते ती खाच दिसते. मोजलं तर त्या खाचेच्या वर जेमतेम ३ मिमी लाकूड उरलंय. १९ मिमीच्या नव्या फळीत ते साधारण ६ मिमी असतं. म्हणजे ही जमीन आधीच बरीच घासली गेलीय. आता पुन्हा घासली तर खिळ्यांची डोकी उघडी पडतील, कडांच्या चिपा उडतील. आजी ही जमीन स्वतः पुसायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. ती माझ्या हातून बिघडायला नको.

ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा. ॲसिड फक्त डागावर लावावं की अख्ख्या फळीवर? डागापुरतं लावलं तर फिकट ठिगळ दिसेल अशी भीती वाटते. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून किती दिवस सुकू द्यावं? हातमोजे, चष्मा, मास्क आणून ठेवलेत, कारण ॲसिडची पूड नाकात गेलेली चालत नाही.

आणि नाहीच निघाला डाग, तर कपाटाखालची चांगली फळी इथे बसवायचा विचार आहे. पण मधली फळी उचलताना शेजारच्या फळीची जीभ तुटू नये म्हणून काय करता?