आठ आठवड्यांचं प्लेजिंग की चार दिवसांत भाऊ?

टेक्सासचा बाबा

थँक्सगिव्हिंगला मुलगा घरी आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर भाजल्याच्या काळ्या खुणा होत्या. "मेणबत्ती लावताना चटका बसला," म्हणाला. दोन दिवसांनी रात्री स्वयंपाकघरात दूध गरम करताना आपणहूनच बोलला. त्यांच्या फ्रॅटर्निटीत, म्हणजे एकमेकांना भाऊ म्हणवणाऱ्या कॉलेजातल्या मुलांच्या संघटनेत, नव्या मुलांना पेटती काडी हातात धरून ग्रीक मुळाक्षरं तीन वेळा म्हणायला लावतात, अल्फापासून ओमेगापर्यंत. काडी संपायच्या आत म्हणून झालं पाहिजे. नाही झालं तर दुसरी काडी. भाजलं याचं मला फार वाटलं नाही. पण घरी काय सांगायचं हे त्याला आधीच शिकवून ठेवलं होतं, ते जिव्हारी लागलं.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सत्राच्या सुरुवातीला 'रश' असतो, म्हणजे मुलांनी येऊन भेटायचं, गप्पा मारायच्या. मुलगा पसंत पडला की त्याला 'बिड' मिळते, म्हणजे आमंत्रण. ती घेतली की तो 'प्लेज' झाला. हल्ली कागदावर 'न्यू मेंबर' लिहितात, पोरं मात्र प्लेजच म्हणतात. मग बहुतेक ठिकाणी सहा ते आठ आठवडे संघटनेचा इतिहास, नियम, जुन्या सदस्यांची नावं असं सगळं पाठ करून घेतात. प्रत्येकाला एक 'बिग', म्हणजे थोरला भाऊ, नेमून देतात. शेवटी दीक्षाविधी होतो आणि मुलगा भाऊ म्हणून आत येतो.

माझं म्हणणं असं की मधले हे आठ आठवडेच काढून टाकावेत. सिग्मा अल्फा एप्सिलॉन या देशभर पसरलेल्या संघटनेने ९ मार्च २०१४ पासून प्लेजिंग बंद केलं. बिड घेतल्यापासून ९६ तासांत मुलगा पूर्ण सदस्य. इतिहास शिकवायचाय ना? भाऊ करून घ्या आणि मग खुशाल चार वर्षं शिकवा. एखाद्याला मत नाही, हक्क नाही, कधीही हाकलता येतं, अशा अवस्थेत आठ आठवडे टांगून ठेवलं की चांगल्या घरातली पोरंही त्याच्यावर हुकूम चालवायला लागतात.

पेन स्टेट विद्यापीठातल्या टिमोथी पियाझाचं प्रकरण आठवत असेल. फेब्रुवारी २०१७, वय १९. बिड घेतलेल्या नव्या मुलांच्या कार्यक्रमात ८२ मिनिटांत त्याला १८ वेळा दारू दिली गेली. तळघराच्या जिन्यावरून तो पडला आणि जवळजवळ बारा तास फ्रॅटर्निटीच्या घरातल्या एकाही मुलाने मदतीसाठी फोन केला नाही. नव्या मुलाचं स्वागत चाललं होतं ते! तुम्हाला काय वाटतं?


जुना भाऊ

काका, मी न्यू जर्सीत वाढलो, एका देशी, म्हणजे आपल्याकडच्या मुलांच्या, फ्रॅटर्निटीत होतो आणि दोन सत्रं नव्या मुलांचा 'एज्युकेटर' म्हणून काम केलंय. काडी चूक, खोटं बोलायला शिकवणं त्याहून चूक. यावर वाद नाही. पण तुमचा उपाय पटत नाही.

पियाझाचा मृत्यू आठव्या आठवड्यातला नाही. पहिल्याच कार्यक्रमातला आहे. तिथे ९६ तासांचा नियम असता तरी ती रात्र त्या ९६ तासांतच आली असती. आणि ज्या संघटनेचं तुम्ही उदाहरण दिलंत, तिच्याच कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनच्या शाखेतला १८ वर्षांचा नवा मुलगा जानेवारी २०१९ मध्ये 'बिग ब्रदर नाइट'नंतर दारूने गेला. प्लेजिंग बंद होऊन तेव्हा जवळपास पाच वर्षं झाली होती. प्लेज हा शब्द गेला, बाटली राहिली.

आता मला त्या आठवड्यांत काय मिळालं ते सांगतो. सोमवार ते गुरुवार रोज दोन तास लायब्ररीत बसायचं, फोन एका पिशवीत जमा. कॅल्क्युलस मला तिथे सुटायला लागलं. दुसरं काम म्हणजे प्रत्येक जुन्या भावाला एकट्याने गाठून तासभर मुलाखत घ्यायची आणि वहीत लिहायची. आमचे चाळीसेक भाऊ होते. एकाचे वडील गॅस स्टेशनवर रात्रपाळी करायचे, म्हणून तो घरी कधी सकाळी फोन करायचा नाही. एकाला घरी सांगायची भीती होती की मेडिकलला जायचं नाही. हे चार दिवसांत कोण कुणाला सांगेल? दुसऱ्या सत्रात माझी आजी गेली तेव्हा मध्यरात्री मला विमानतळावर सोडायला माझा 'बिग' उठला. विचारावंही लागलं नाही.

आमच्या संघटना मोठ्या हवेल्या असलेल्या जुन्या फ्रॅटर्निट्यांसारख्या नाहीत हेही लक्षात घ्या. आयोटा नू डेल्टा बिंगहॅम्टनला १९९४ मध्ये निघाली, डेल्टा एप्सिलॉन साय ऑस्टिनला १९९८ मध्ये, बीटा काय थीटा लॉस एंजेलिसला १९९९ मध्ये. घरात एक आणि बाहेर एक अशी दोन आयुष्यं जगणाऱ्या पोरांना एकमेकांजवळ मोकळं व्हायला जागा हवी होती. त्याला वेळ लागतो.


कोरा कागद

बंद करा सरसकट. १८७३ मध्ये कॉर्नेलला एक नवा मुलगा दीक्षेच्या भानगडीत दरीत पडून मेला. तेव्हापासून दीडशे वर्षं "यापुढे असं होणार नाही" हेच चाललंय. आपली मुलं शिकायला पाठवली आहेत, भाऊ गोळा करायला नाही.


जुना भाऊ

@कोरा कागद, बंद केल्यावर पोरं बाहेर भाड्याचं घर घेऊन तेच करतात, आणि मग विद्यापीठही विचारत नाही, संघटनेचं मुख्यालयही नाही.


वसतिगृह खोली ३१

मी १९९४ ला महाराष्ट्रातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात आलो. त्या काळी 'इंट्रो' म्हणायचे. मान खाली, नजर शर्टाच्या तिसऱ्या बटणावर, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. रात्री दोनला दार वाजायचं. जुना भाऊ यांचं लिखाण वाचताना मला अंगावर काटा आला, कारण आम्हीही नंतर हेच बोलायचो. ज्या सिनियरने मला गच्चीत तीन तास उभं केलं, त्यानेच ॲनाटॉमीच्या नोट्स दिल्या. कावीळ झाली तेव्हा रोज डबा आणला. मी वर्षानुवर्षं सांगत होतो की त्या गच्चीमुळे आमची मैत्री झाली. आता कळतं, मैत्री डब्याने झाली. गच्ची नसती तरी झाली असती.

आमचं ज्यांनी केलं ते वाईट लोक नव्हते. पुढच्या वर्षी मीही एका मुलाचं दार वाजवलं. तो आज नामांकित सर्जन आहे, भेटला की हसून मिठी मारतो. मी त्याची माफी मागितली ती पंचवीस वर्षांनी. तो म्हणाला, "अरे, ते तर चालायचंच." पण बोलताना त्याने क्षणभर मान खाली घातली. ती मान मला ओळखू आली.

महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगबंदीचा कायदा केला, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. २००९ पासून यूजीसीच्या नियमांनुसार विद्यार्थी आणि पालक दोघांकडून लेखी हमी घेतात. तेवढ्याने थांबलेलं नाही, पण निदान "ही परंपरा आहे" असं तोंड वर करून कुणी म्हणत नाही. अमेरिकेत अजून म्हणतात.


जुना भाऊ

खोली ३१, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून एक फरक सांगतो. तुम्हाला वसतिगृहात राहणं भाग होतं. आम्ही स्वतःहून गेलो, कधीही उठून जाऊ शकत होतो. आमच्या वर्षी दोन मुलं गेलीही. त्यांना कुणी अडवलं नाही.


मानसशास्त्र शिकवते

"कधीही जाऊ शकत होतो" याबद्दल थोडं लिहिते, कारण दर वर्षी वर्गात यावर मुलं हिरिरीने भांडतात.

१९५९ मध्ये आरॉन्सन आणि मिल्स या दोघांनी एक प्रयोग केला. कॉलेजातल्या मुलींना एका चर्चागटात घ्यायचं होतं. काहींना त्यासाठी चारचौघांत उच्चारायला लाज वाटेल असा मजकूर मोठ्याने वाचायला लावला, काहींना सौम्य मजकूर दिला, काहींना काहीच नाही. मग सगळ्यांना गटाची एकच चर्चा ऐकवली, तीही मुद्दाम अगदी रटाळ. सर्वांत जास्त लाजवलेल्या मुलींना ती चर्चा आणि तो गट सर्वांत जास्त आवडला. आपण एवढं सोसलं ते फालतू गोष्टीसाठी, हे मन कबूल करत नाही. मग ती गोष्टच मोठी करतं.

त्यामुळे प्लेजिंगमधून गेलेल्या माणसाने "ते फार मोलाचं होतं" म्हटलं, तर तो खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं वाटतं. पण ते मोलाचं होतं याचा पुरावा म्हणून त्याचं वाटणं घेता येत नाही. आणि सोडून जाण्याचं म्हणाल, तर पहिल्या आठवड्यात जाणं सोपं असतं. सहाव्या आठवड्यात सहा आठवडे वाया जातात. जुना भाऊ, ती दोन मुलं कितव्या आठवड्यात गेली?


मुलीची आई, मिशिगन

माझी मुलगी देशी सोरोरिटीत, म्हणजे मुलींच्या तशाच संघटनेत, आहे. तिची 'प्रोबेट', म्हणजे नव्या सदस्यांना सगळ्यांसमोर आणण्याचा कार्यक्रम, बघायला आम्ही दोघं चार तास गाडी चालवून गेलो होतो. नव्या मुली एका ओळीत, चेहऱ्यावर मुखवटे, पायांचा ठेका एकदम, घोषणा एकदम, आणि शेवटी एकेक मुखवटा निघतो तेव्हा कळतं कोण कोण आत आलंय. आमची लेक तिसरी होती. शाळेत ओरल परीक्षेला घाबरून उलटी करणारी ही मुलगी दोनशे लोकांसमोर छाती काढून स्वतःचं नाव ओरडत होती. मी रडले. म्हणून माझं मत या धाग्यावरच्या दोन्ही बाजूंना आवडणार नाही. तो ठेका चार दिवसांत बसत नाही, महिना लागतोच. आणि त्या महिन्यात तिचं वजन किती उतरलं होतं तेही मी डोळ्यांनी बघितलं.

मी दोन गोष्टी केल्या, त्या सांगते. पहिल्याच आठवड्यात मुलीला विचारलं, रात्री किती वाजता सोडतात? फोन कुणाकडे असतो? "सांगता येत नाही" असं उत्तर आलं की तिथे पुढे विचारायचं. दुसरं म्हणजे विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जाऊन कुठल्या संघटनेवर कारवाई झाली ते वाचलं. डिसेंबर २०२४ च्या केंद्रीय कायद्याने आता कॉलेजांना हेझिंगच्या, म्हणजे नव्या मुलांच्या छळाच्या, घटना मोजून जाहीर कराव्या लागतात आणि दोषी संघटनांची नावंही द्यावी लागतात. बिड घ्यायच्या आधी ती यादी पोरांबरोबर बसून वाचा. त्यांच्या पाठीमागे नाही, बरोबर बसून.


जुना भाऊ

मानसशास्त्रवाल्या ताई, दोघंही दुसऱ्या आठवड्यात गेली. सहाव्या आठवड्यात कुणीच गेलं नाही. मी हा विचार कधी केला नव्हता, खरं सांगतो.

पण तरी काकांना विचारतो. वाईट गोष्ट किती दिवस चालली यापेक्षा ती काय होती हे महत्त्वाचं नाही का? मी एज्युकेटर असताना आठही आठवड्यांचं वेळापत्रक लिहून विद्यापीठाच्या ऑफिसात द्यायचो. अभ्यास, मुलाखती, एक रविवार मंदिरात जेवण वाढायचं काम, एक शनिवार माजी सदस्यांबरोबर क्रिकेट. हे काढून टाकून काय मिळणार? तुमच्या मुलाच्या शाखेचं वेळापत्रक मागा. लिहिलेलं असेलच.


टेक्सासचा बाबा

मागितलं. काल रात्री त्याने फोनवर पाठवलं. त्याआधी तासभर बोललो आम्ही. मी ओरडलो नाही, तोही चिडला नाही. तो म्हणाला, "बाबा, मला ते लोक आवडतात. तुम्ही ते तोडायला बघताय असं मला वाटतंय." मी त्याला म्हटलं, तुझ्या भावांना माझ्याकडे जेवायला आण, साबुदाण्याची खिचडी करतो. खरंच करणार आहे. मला त्याचे मित्र तोडायचे नाहीत.

जुना भाऊ, तुमच्या लायब्ररीच्या दोन तासांना, त्या वहीतल्या मुलाखतींना माझा विरोध नाही. हे सगळं आधी भाऊ करून घेऊन मग करता येतं, एवढंच मी पुन्हा म्हणतो. तुमच्या 'बिग'ने तुम्हाला विमानतळावर सोडलं ते तुम्ही मुळाक्षरं पाठ केलीत म्हणून नव्हे. आणि ज्याला मत आहे, जो बैठकीत उठून "हे मी करणार नाही" म्हणू शकतो, त्याच्या हातात काडी देताना समोरचा दहादा विचार करेल. पियाझाच्या रात्रीबद्दल तुमचं बरोबर आहे. चार दिवसही पुरे झाले तिथे. ते मी मान्य करतो.

तर वेळापत्रक. नीट टाइप केलेलं आहे, वर संघटनेचं चिन्ह. सोमवार: इतिहास, प्रकरण १. मंगळवार: अभ्यासाचे तास, सात ते नऊ. बुधवार: भावांच्या मुलाखती. गुरुवार पुन्हा अभ्यास. रविवारी समाजसेवा. आठ आठवडे असंच. शुक्रवारी सुट्टी. आणि आठपैकी सात शनिवारांपुढे एकच ओळ आहे: "वेळ व ठिकाण नंतर कळवू. गडद कपडे."

काडी शनिवारीच झाली होती, असं मुलगा म्हणाला. बाकीच्या सहा शनिवारांबद्दल मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ते नको ना बाबा."

तुम्ही विद्यापीठाला जे वेळापत्रक द्यायचात, त्यात शनिवारपुढे काय लिहायचात?


जुना भाऊ

एका शनिवारपुढे क्रिकेट लिहिलं होतं. ते खरंच खेळलो.

बाकीच्या शनिवारांपुढे आमच्याकडेही तीच ओळ होती, काका. मला माझ्या आधीच्या एज्युकेटरने फाइल दिली, तीत ती होती. मी ती तशीच पुढच्याला दिली.