नवीन मंडळीसाठी शहर: तीनपैकी कोणतं? लवकर सांगा

वाटसरू
सलाम. नवीन ख्रिस्ती मंडळी (चर्च) सुरू करायची आहे, तीन शहरं डोळ्यासमोर आहेत. अ म्हणजे अवाढव्य, तिथे मंडळ्या आधीच भरपूर. ब मध्यम, विद्यापीठाचं. क कारखान्यांचं, तिथे एकही मंडळी नाही. लोकसंख्या, भाडी, प्रवास सगळ्याचा तक्ता तयार आहे. महिनाअखेर कळवायचंय. "प्रार्थना करा" एवढंच कृपया लिहू नका, ती चालूच आहे. कोणतं घ्यावं?

जुना सेवक
जातंय कोण? एकटे की कुटुंबासह? उपासना कोणत्या भाषेत? मागे पाठवणारी मंडळी आहे की आपले आपणच निघालात? तक्त्यात हे रकाने दिसत नाहीत.

ओलिवा
डोळे मिटून अ. प्रेषित पौलाने काम कुठे केलं बघा: अंत्युखिया, करिंथ, इफिस. इफिसात तुरन्नाच्या पाठशाळेत दोन वर्षं रोज वादविवाद केला आणि आसिया प्रांतातल्या सगळ्यांच्या कानावर वचन गेलं (बायबल, प्रेषितांची कृत्ये १९:९-१०). त्याच प्रांतातल्या कलस्सैत सुवार्ता नेली ती पौलाने नाही, त्याचा सोबती एपफ्रासाने. मोठं शहर धरलं की आसपासच्या गावांना माणसं तिथूनच मिळतात. अमेरिकन पाळक टिमथी केलर यांनीही १९८९ मध्ये न्यूयॉर्कचं मॅनहॅटनच निवडलं.

मोहरीचा दाणा
आणि अथेन्सचं काय? एवढं नावाजलेलं शहर, पण तिथे पौलाचं ऐकून विश्वास ठेवणाऱ्यांत नावानिशी उल्लेख फक्त दियोनुस्य आणि दामारी यांचा, बाकी "इतर काही". क घ्या. दुसऱ्याच्या पायावर बांधायचं नाही, हे पौलाचंच धोरण (रोमकरांस पत्र १५:२०). अ मध्ये पहिल्या वर्षी येणारे बरेचसे आपल्या जुन्या मंडळीवर रुसलेले असतील.

ओलिवा
रुसलेल्यांनाही मेंढपाळ लागतो.

मोहरीचा दाणा
असतो की त्यांना! त्यालाच आधी फोन करून विचारा, माणूस का निघाला ते.

शांत वारा
प्रेज द लॉर्ड. सुरुवातीलाच मोठे स्पीकर घेऊ नका. लहान हॉलमध्ये आवाज घुमतो आणि शेजारी तक्रार करतात. दोन माइक, छोटा मिक्सर, बस्स. कीबोर्डची वायर जरा लांब घ्या.

जुना सेवक
हे त्यांनी विचारलेलंच नाही.

शांत वारा
पुढे लागेलच ना.

वाटसरू
भाषा अर्थातच आमचीच. मी, बायको, दोन मुलं, शिवाय एक जोडपं येईल बहुतेक. मंडळी तीन वर्षं खर्च उचलणार आहे. आता तरी शहर सांगा.

दबोरा
"आमचीच" म्हणजे कोणती? आणि क मध्ये ती कोण बोलतं? कारखान्यांच्या शहरात माणसं चार दिशांनी आलेली असतात. मी अशाच शहरात राहते. पाळ्या फिरत्या, त्यामुळे रविवारी सकाळी निम्मे लोक कामावर नाहीतर रात्रपाळी करून झोपलेले. आम्ही उपासना संध्याकाळी नेली, तरी या रविवारचे चेहरे पुढच्या रविवारी दिसतीलच असं नाही. आणि "बहुतेक" येणाऱ्या जोडप्यातली बाई काय म्हणते? तुमच्या बायकोचं काय मत? फिलिप्पैतली मंडळी नदीकाठी जमलेल्या बायकांपासून सुरू झाली, त्यांना विचारायची पद्धत जुनीच आहे.

वाटसरू
बायकोच्या नोकरीचं ब ला जमतंय. क ला प्रत्यक्ष जाणं झालेलं नाही, पण माहिती पक्की आहे.

जुना सेवक
पक्की कुणाकडून? घरात भरणाऱ्या मंडळीला पाटी नसते, ती नकाशात सापडणार नाही. आणि तीन वर्षांनंतर काय? पौल करिंथात दीड वर्ष राहिला, अक्विल्ला-प्रिस्किल्लांच्या घरी राहून राहुट्या करत होता. तुमच्या हातात कुठला धंदा आहे, आणि तो तिन्हींपैकी कुठे चालेल?

खडक
तक्ते हवेत कशाला? पवित्र आत्म्याने पौलाला आसियात बोलू दिलं नाही, बिथुनियात शिरू दिलं नाही, मग त्रोवसला दर्शन झालं. थांबा, दाखवलं जाईल.

ओलिवा
दर्शनातला माणूस "मासेदोनियात या" एवढंच म्हणाला. शहराचं नाव घेतलं नाही त्याने. नियापुलीला उतरून हे पुढे फिलिप्पैला गेले, नंतर अंफिपुली आणि अपुल्लोनिया ओलांडून थेस्सलनीकेत थांबले, आणि तिथे यहूद्यांचं सभास्थान होतं हे वचनातच लिहिलंय. डोकं चालवलं होतं त्यांनी.

खडक
डोकंही आत्माच चालवतो. विषय संपला.

ओलिवा
तुमच्यापुरता.

वाटसरू
बरं. येत्या शनिवार-रविवारी आम्ही दोघं क ला जाऊन येतो. पाळकसाहेबांकडे मुदत वाढवून मागतो, ते चिडणार हे नक्की. पण ब बद्दल कोणीच बोलत नाही, असं का?

मोहरीचा दाणा
परीक्षा संपल्या की मंडळी रिकामी, म्हणून.

ओलिवा
विद्यार्थी जातात, पण वचन घेऊन जातात. पुढच्या चार शहरांत कोणीतरी ओळखीचं होतं.

दबोरा
दोन्ही खरं. म्हणून ब ला सुट्टीत जाऊन बघा. तेव्हा शहरात उरतात ते कोण, त्यांच्याशी बोला. आणि क ला नुसतं शनिवार-रविवार नको, बुधवारी पाळी सुटताना फाटकाशी उभे राहा. कुठली भाषा कानावर पडते ते इथे लिहा, मग बोलू.

शांत वारा
फाटकाशी जाताना माइक नेऊ नका.