चाळीस मुलं, एक तास: विषामृत असं घ्या

खेळाच्या तासाला लंगडी घेतली की अर्धा वर्ग बाद होऊन कडेला बसून राहतो. आणि लवकर बाद होणारी मुलं बहुधा तीच, ज्यांना पळण्याची सर्वांत जास्त गरज असते. पहिली ते चौथीसाठी म्हणूनच विषामृत घ्यावं. राज्य असलेल्याने शिवलं की विष, म्हणजे जागीच थांबायचं; दुसऱ्या मुलाने येऊन शिवलं की अमृत, म्हणजे पुन्हा पळायचं. यात कुणी कायमचं बाद होतच नाही.

४० मुलांना साधारण २० बाय १५ मीटरची जागा पुरते. भिंतीपासून दोन मीटर आत फक्कीने चौकोन आखा, कारण मुलं रेषेवर थांबत नाहीत, रेषेपलीकडे जाऊन थांबतात. राज्य एकावर देऊ नका. एकटा विष देत राहतो, मागून बाकीचे अमृत देतात, आणि तो रडकुंडीला येतो. आठ मुलांमागे एक, म्हणजे पाच जण ठेवा. त्यांना रंगीत रुमाल द्या, नाहीतर कोणापासून पळायचं तेच कळत नाही. दर दीड मिनिटाला शिट्टी, राज्य बदललं.

विष मिळालेल्याने खाली बसायची पद्धत आहे, पण गर्दीत बसलेल्या मुलाला पळणारा अडखळतो. त्यापेक्षा हात वर करून उभं राहू द्या. अमृत खांद्याला किंवा हाताला स्पर्श करूनच द्यायचं. पाठीवर म्हटलं की धक्का बसतो.

आणखी एक अडचण हमखास येते: राज्य असलेला विष दिलेल्याशेजारीच पहारा देतो. तीन पावलं दूर राहण्याचा नियम आधीच सांगून ठेवा.