प्रतिसाद: वाट सगळ्यांची, पण खाच स्कीवाल्यांची

वर कुणीतरी म्हटलंय की नॉर्वेत रानात फिरायचा हक्क सगळ्यांना आहे, मग हिवाळ्यात स्कीच्या वाटेवर पळणाऱ्यांवर स्कीवाल्यांनी का डाफरायचं? हक्क आहेच, १९५७ च्या कायद्यानं दिलेला. पण त्याच कायद्यात ‘इतरांचा विचार ठेवून, सांभाळून’ अशीही अट आहे. ती सोयीस्करपणे विसरली जाते.

मी ऑस्लोत राहतो, पळतो आणि धडपडत स्कीही करतो. त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्यात! हिवाळ्यात रस्त्यांवर काचेसारखा बर्फ, चारलाच अंधार. मग पळणारा नूरमार्काच्या जंगलातल्या दिव्यांच्या वाटेकडे वळणारच. खरी गोम बर्फात आहे. यंत्र फिरवून बर्फ दाबतात, कडेला स्कीसाठी दोन समांतर खाचा पाडतात. हवा शून्याच्या वर असताना त्यात पाय रुतला की खड्डा पडतो आणि रात्री तो दगडासारखा गोठतो. दुसऱ्या दिवशी उतारावर स्की त्यात अडकली की माणूस तोंडावर. या स्की अरुंद, टाच मोकळी, बहुतेकींना धातूची धारही नसते. ब्रेक मारल्यासारखं थांबता येत नाही हो!

म्हणून मी पळताना खाचांपासून लांब, अगदी कडेनं जातो. बर्फ मऊ असेल तर त्या दिवशी जातच नाही. आणि स्कीवाल्यांनो, मागून येताना ओरडण्याऐवजी जरा आधी हाक द्या. कानात गाणी कोंबून पळणाऱ्यांचं मात्र माझ्याकडेही उत्तर नाही.