कूलरने चिकट का होतं?

‘कूलरने खोली चिकट होते, त्यापेक्षा एसी बरा’ हे मुंबई-रत्नागिरीला शंभर टक्के मान्य. पण नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की कूलरच्या ताट्यांवरचं (बाजूच्या ओल्या जाळ्यांवरचं) पाणी झपाझप उडतं आणि त्यानेच गारवा येतो. तिथेही चिकट होत असेल तर दारं-खिडक्या बंद आहेत का ते आधी बघा. एसीची ही सवय कूलरला चालत नाही. कूलर खिडकीबाहेर ठेवायचा आणि समोरची खिडकी थोडी उघडी, नाहीतर तीच ओली हवा घरात कोंडते. (आमच्याकडचे पाहुणे ती खिडकी हमखास लावून घेतात!)

विजेचं म्हणाल तर घरगुती कूलर साधारण २०० वॅट, दीड टनी एसी भर उन्हात १५०० च्या आसपास. पाऊस सुरू झाला की मात्र पंप बंद, नुसता पंखा चालवायचा.