रोस्टर एकट्या सरन्यायाधीशांच्याच हाती असावं का?

धागाकर्ता:
न्यायालयाच्या स्वातंत्र्याचा विषय निघाला की आपण थेट सरकार विरुद्ध कॉलेजियम (न्यायमूर्तींच्या नेमणुका सुचवणारा ज्येष्ठ न्यायमूर्तींचा गट) या वादात शिरतो. मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: कोणतं प्रकरण कोणत्या बेंचपुढे जाणार, म्हणजेच रोस्टर, हे ठरवतं कोण? १२ जानेवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाचे न्या. चेलमेश्वर, गोगोई, लोकूर आणि कुरियन जोसेफ चेलमेश्वरांच्या दिल्लीतल्या बंगल्याच्या हिरवळीवर पत्रकारांसमोर बसले, ते याचसाठी. सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांना लिहिलेलं पत्र त्यांनी जाहीर केलं. देशावर परिणाम करणारी प्रकरणं ठरावीक बेंचकडे जातात आणि त्यामागे पटेल असं कारण दिसत नाही, ही तक्रार. पुढे ज्येष्ठ वकील शांती भूषण यांनी याचिकेत मागितलं, की हे वाटप पाच ज्येष्ठांच्या कॉलेजियमनं करावं. ६ जुलै २०१८ च्या निकालात ते नाकारलं गेलं. 'मास्टर ऑफ द रोस्टर' सरन्यायाधीशच. हा निकाल मला आजही पटत नाही.

वकील, जिल्हा न्यायालय:
मला पटतो. सर्वोच्च न्यायालयात ३४ न्यायमूर्तींची पदं आहेत. कोणी आजारी, कोणी एखाद्या प्रकरणातून बाजूला झालेले. बेंच सतत मोडतात, जुळतात. दर वेळी पाच जणांचं एकमत कुठून आणायचं? आणि चुकलं तर जाब कोणाला विचारायचा? हातात अधिकार असला की काम होतं, हे आपण कोल्हापुरात पाहिलं. सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. शेवटी मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे यांनी १ ऑगस्ट २०२५ ला अधिसूचना काढली आणि त्याच महिन्यात सर्किट बेंच सुरू झालं. कणकवलीच्या पक्षकाराची मुंबईची खेप वाचली. समितीत हा विषय अजून भिजत पडला असता.

धागाकर्ता:
उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूचं दिलंत! राज्य पुनर्रचना कायदा १९५६, कलम ५१(३) वाचा. मुख्य न्यायमूर्तींना तिथे राज्यपालांची मान्यता लागते. न्यायमूर्ती कोणत्या गावात बसणार याला दुसऱ्याची संमती हवी, आणि प्रकरण कोणापुढे चालणार याला कोणाचीच नको?

विधी शाखेची विद्यार्थिनी:
१९७३ विसरू नका. २४ एप्रिलला केशवानंद भारती खटल्याचा निकाल आला आणि लगोलग त्यात सरकारविरोधी मत देणाऱ्या शेलाट, हेगडे, ग्रोव्हर या तिघा ज्येष्ठांना डावलून अजितनाथ राय सरन्यायाधीश झाले. सगळं एकाच खुर्चीत साठलेलं असलं, की सरकारला तेवढी एक खुर्ची पुरते.

वकील, जिल्हा न्यायालय:
तो दोष नेमणुकीचा. ज्येष्ठतेचा क्रम मोडायचा नाही, हा त्यावरचा उपाय. वाटप पाच जणांकडे दिलंत तर दबाव आणायला पाच जागा मिळतील. आणि सुधारणा झालीच नाही असं कसं म्हणता? ५ फेब्रुवारी २०१८ पासून विषयवार रोस्टर संकेतस्थळावर लागतं.

धागाकर्ता:
लागतं, पण त्या पहिल्याच रोस्टरमध्ये जनहित याचिका सरन्यायाधीशांनी स्वतःकडे ठेवल्या होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गोगोई सरन्यायाधीश झाले. हिरवळीवर बसलेल्या चौघांपैकी एक त्या खुर्चीत गेला, तरी वाटपाचा अधिकार होता तिथेच राहिला. म्हणून मी माणसाच्या चांगुलपणावर भिस्त ठेवायला तयार नाही. नियमच बदलला पाहिजे.

वकील, जिल्हा न्यायालय:
एवढं मान्य करतो: जाहीर रोस्टर सोडून एखादं प्रकरण दुसरीकडे वळवलं, तर कारण लेखी हवं. सही मात्र सरन्यायाधीशांचीच.

विधी शाखेची विद्यार्थिनी:
मग ते कारण तपासणार कोण? पुन्हा सरन्यायाधीशच? ते निदान त्यांच्यानंतरच्या दोन ज्येष्ठ न्यायमूर्तींपुढे तरी ठेवलं गेलं पाहिजे.